गेमबॉयला दिवा लावताना

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. ऐन दुपारी भाचा गच्चीवरून धडधडत खाली आला. "मामा, तू बसवलेली लाइट गेली." हातात माझा जुना गेमबॉय, निन्टेन्डो कंपनीचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून त्यात बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, बसवला होता. मी तो घेऊन माजघरात गेलो, जिथं भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते. स्क्रीन लख्ख. परत गच्चीवर नेला, तर काचेत माझं टक्कल आणि मागचं आभाळ, बाकी काही नाही. दिवा गेला नव्हता. उन्हापुढं त्याचं काही चालत नव्हतं.

"मग जास्त ब्राइट कर ना. एक रेझिस्टरच तर बदलायचाय. व्हिडिओत बघितलंय मी."

रेझिस्टर म्हणजे विजेचा प्रवाह आवरणारा बारकासा भाग. तो एकच बदलायचा असतो, हे खरं आहे. पाच मिनिटांचं काम. पण तो बदलून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे सांगता सांगता माझी आख्खी दुपार गेली. त्या दुपारी कागदावर जे खरडलं, तेच इथं जरा नीट मांडतो.

आधी यंत्राबद्दल. हा गेमबॉय माझ्या आतेभावानं १९९५ साली अमेरिकेहून आणला. राजेंद्रनगरातल्या आमच्या गल्लीत तोवर सगळ्यांकडे विटा रचायचा स्वस्तातला चिनी गेम होता, त्यामुळं या राखाडी डबड्याला पाहायला रांग लागली. अडचण एकच. त्याच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नव्हता. आणि इंदुरात तेव्हा लाइट असण्यापेक्षा नसण्याची सवय जास्त. पुढं नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडं गेली आणि आमच्या वाट्याची कटौती आणखी वाढली. २००३ च्या विधानसभा निवडणुकीत बिजली, सडक, पानी हेच तीन शब्द कानावर पडायचे ते उगाच नाही. अशा संध्याकाळी आई माझ्या खांद्यामागं उभी राहून विजेरी धरायची. सरळ नाही, तिरपी. सरळ धरली की काचेवर विजेरीचाच गोळा दिसायचा. मला तेव्हा वाटायचं हा आईचा अनुभव. तो प्रकाशशास्त्राचा धडा होता, हे फार नंतर कळलं.

१९८९ साली निन्टेन्डोनं गेमबॉय काढला तेव्हा त्यात दिवा का नव्हता? त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला होता, रंगीत आणि उजळ. पाठोपाठ १९९० मध्ये सेगाचा गेम गिअर, तोही रंगीत आणि उजळ. म्हणजे तंत्र होतं. पण गेम गिअरच्या स्क्रीनमागं चक्क एक चिमुकली ट्यूबलाइट होती, आणि तिला पेटवायला वाढीव व्होल्टेजची वेगळी सोय. सहा पेन्सिल सेल घालायचे आणि तीन ते पाच तासांत फेकायचे. गेमबॉय चार सेलवर पंधरा-पंधरा तास चालायचा. त्याचे कर्ते गुनपेई योकोई यांचं धोरणच होतं की नव्या झगमगाटामागं न धावता मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा वेगळ्याच कामी उपयोग करायचा. लोणचं मुरल्यावर खावं, तसं. सेलचा खर्च ज्याला खिशातून करावा लागला आहे, त्याला हे धोरण पटतं.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. १९८९ साली पांढरा एलईडी अस्तित्वातच नव्हता. लाल होता, हिरवा होता. चांगला उजळ निळा एलईडी जपानी संशोधक शुजी नाकामुरांनी १९९३ साली दाखवला. त्या निळ्यावर पिवळा फॉस्फर (निळा उजेड शोषून पिवळा सोडणारा थर) चढवून पांढरा बनवला गेला तो १९९६ साली. अकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं ते याच निळ्या एलईडीसाठी. आज कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर मिळणारा तो तांदळाएवढा दिवा योकोईंच्या हाताशी असता, तर कदाचित माझ्या आईचे हात दुखले नसते.

आता स्क्रीन. एलसीडी म्हणजे उजेड देणारी वस्तू नव्हे, उजेड अडवणारी वस्तू. चुलीपुढं धरलेल्या चाळणीसारखी. तिच्या पुढं आणि मागं पोलरायझर नावाचा एक-एक पारदर्शक पापुद्रा असतो. खिडकीचे उभे गज डोळ्यांसमोर आणा. त्यांतून फूटपट्टी उभी धरली तर बाहेर जाते, आडवी धरली तर अडते. प्रकाशाच्या लहरींनाही अशी दिशा असते आणि पोलरायझर एकाच दिशेच्या लहरी सोडतो. पुढचे गज उभे, मागचे आडवे असले, तर काहीच पार जाणार नाही. दोन्हींच्या मध्ये द्रव स्फटिक असतो आणि तो पट्टीला वाटेत वळवतो. वीज दिली की त्याचं वळवणं बदलतं. कुठं उजेड पार होतो, कुठं अडतो. गेमबॉयच्या पडद्यावर असे १६० गुणिले १४४ म्हणजे २३,०४० ठिपके आहेत, आणि प्रत्येकाला चारच छटा.

मूळ गेमबॉयमध्ये मागच्या पोलरायझरला एक चंदेरी थर चिकटवलेला असतो. खोलीतला उजेड समोरून आत जातो, चंदेरी थरावर आपटतो, परत बाहेर येतो. म्हणजे उजेड तीच चाळणी दोनदा पार करतो. दोनदा चाळलेलं पीठ. एका फेरीत काळा ठिपका पांढऱ्याच्या चौथा हिस्सा उजेड सोडत असेल, तर दोन फेऱ्यांनंतर फरक सोळापट होतो. (आकडा समजुतीपुरता घेतलाय.) ही चाळणी दोनदा चालणार हे धरूनच बनवलेली आहे, हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

बॅकलाइट बसवणं म्हणजे तो चंदेरी थर काढून त्या जागी दिवा लावणं. वर्णन एका वाक्याचं, काम तीन तासांचं. गेमबॉयचे बाहेरचे पेच तीन पाखांचे असतात, त्यांना वेगळा पेचकस लागतो. आत स्क्रीन मिळाली की मागच्या कोपऱ्यातून पातळ ब्लेड घालून चंदेरी थर आणि पोलरायझर दोन्ही सोलायचे. खाली राहतो तो तीस-पस्तीस वर्षांचा डिंक. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवून, कापडानं हळूहळू.

इथं मी पहिली स्क्रीन मारली. माझी नव्हे, एका मित्राकडून आणलेली बंद पडलेली, म्हणून निभावलं. डिंक जात नाही म्हणून अल्कोहोल ओतलं, पुसलं नाही. ते काचेच्या कडेनं आत शिरलं आणि डाव्या बाजूला अंगठ्याच्या ठशासारखा डाग पडला, तो आजही आहे. दुसऱ्या वेळी कापड ओलं केलं, स्क्रीन नाही. शिवाय स्क्रीनच्या खालच्या कडेला एक नाजूक रिबन आहे. तिचे सांधे जुने झालेले असतात. सोलताना ती वाकली तर पडद्यावर उभ्या रेघा येतात. त्या रेघा सोल्डरिंग आयर्नची ऊब त्या सांध्यावरून हलकेच फिरवून बऱ्याचदा परत जातात, पण भाच्याला हे आधी सांगायचं नाही. सांगितलं की तो निर्धास्त होतो.

मग मागं प्रकाशाची पाटी सरकवायची. ही एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असते. तिच्या कडेला दोन एलईडी. उजेड कडेनं आत शिरतो आणि आतल्या आत परावर्तित होत पुढं जातो, नळीतून पाणी जावं तसा. पाटीच्या पाठीवर बारीक पांढरे ठिपके छापलेले असतात. उजेड ठिपक्यावर आदळला की समोर उडतो. एलईडीजवळ ठिपके विरळ, लांब दाट, म्हणजे सगळीकडे सारखा उजेड निघावा. बाग भिजवायच्या पाइपला लांबच्या टोकाकडं जास्त भोकं पाडावीत, तसं. पाटी आणि स्क्रीन यांच्यामध्ये नवा पोलरायझर ठेवायचा. झालं.

आणि चालू केलं की पहिली प्रतिक्रिया निराशेची असते. उजेड आहे, पण चित्र फिकं. काळं काळं नाही, राखाडी. का, ते वर आलंय. उजेड आता चाळणीतून एकदाच जातो. एकदाच चाळलेलं पीठ.

याला उपाय शोधणाऱ्यानं फार हुशारी केली आहे. पोलरायझर ९० अंशांनी फिरवला की चित्र उलटं होतं, पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. पण या उलट्या अवस्थेत काळा जास्त काळा मिळतो. मग चित्राचे आकडेच उलटे पाठवायचे. प्रत्येक ठिपक्याची छटा दोन बिटांनी ठरते, ००, ०१, १०, ११. त्या दोन तारांच्या वाटेत ७४एचसी०४ ही काही रुपयांची चिप बसवायची. तिचं काम एवढंच की शून्य आलं तर एक द्यायचं, एक आलं तर शून्य. दोनदा उलटल्यावर चित्र सरळ, आणि काळा रंग खराखुरा काळा. भाच्याला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, उजेड तर तेवढाच आहे ना? मग जास्त ब्राइट कसं दिसतंय?"

बरोबर प्रश्न. उजेड तेवढाच असतो, पण काळं जास्त काळं झालं की त्याच्या शेजारचं उजळ वाटतं. हे उत्तर त्याला मे महिन्यात आठवलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आता त्याच्या रेझिस्टरकडे येऊ. गेमबॉयच्या आत ५ व्होल्टची वीज मिळते. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. उरलेले २ व्होल्ट रेझिस्टरनं खायचे आणि प्रवाह ठरवायचा. २० मिलिअँप हवा असेल तर २ भागिले ०.०२, म्हणजे १०० ओहम. सगळं गणित एवढंच. एलईडीला स्वतःला आवर घालता येत नाही. व्होल्टेज किंचित वाढलं की तो भसाभस प्रवाह ओढतो, म्हणून त्याच्या गळ्यात हा रेझिस्टर बांधावा लागतो. आमच्या पाटीत दोन एलईडी आहेत, प्रत्येकाला वेगळा १०० ओहम.

भाच्याचं म्हणणं होतं, १०० काढून ६८ लाव. लावला तर प्रवाह २९ मिलिअँपच्या आसपास जातो. जवळजवळ दीडपट. असे एलईडी बहुधा २० साठी बनवलेले असतात आणि ३० च्या पुढं जाऊ नका असं त्यांच्या माहितीपत्रकात असतं, म्हणजे आपण कठड्यावर उभे आहोत. ४७ ओहम लावले तर कठड्याच्या पलीकडं. ठीक, ६८ धरू. दीडपट उजेड म्हणजे दीडपट दिसेल?

नाही. इथं डोळा मध्ये येतो. आपला डोळा सरळ हिशेब करत नाही. पौर्णिमेच्या चांदण्यातही त्याला वाट दिसते आणि त्याहून लाखो पटींनी प्रखर असलेल्या दुपारच्या उन्हातही दिसते. एवढी तफावत सोसायची तर वाढीव उजेडाला भाव कमी द्यावा लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९५७ साली मांडलेल्या नियमाप्रमाणं जाणवणारा उजेड हा खऱ्या उजेडाच्या घनमुळाच्या आसपास चालतो. म्हणजे दुप्पट उजळ वाटायला आठपट उजेड हवा. आणि १.४५ पट उजेडाचं घनमूळ काढलं तर येतं १.१३. एलईडीला कठड्यावर उभं करून आपण मिळवलं ते जेमतेम १३ टक्के. शेजारी-शेजारी दोन गेमबॉय ठेवले तर कळेल. एकच हातात असेल तर "काहीतरी बदललंय बहुतेक" एवढंच.

तेही पुरतं मिळत नाही. प्रवाह वाढेल तसा एलईडी गरम होतो आणि गरम एलईडी दर मिलिअँपमागं कमी उजेड देतो. २० मिलिअँपला एका एलईडीत ६० मिलिवॅट. आकडा किरकोळ वाटतो, पण प्लास्टिकच्या बंद डब्यात उष्णतेला वाट नसते. कायम ताणलेल्या एलईडीवरचा पिवळा थर आधी करपतो, उजेड निळसर किंवा मंद होतो आणि काही वर्षांत आपण सुरुवातीपेक्षा मागं असतो.

सेलचा हिशेब तर मी त्याच्याकडूनच करून घेतला. गेमबॉयच्या पाठीवर लिहिलेलं असतं, ६ व्होल्ट, ०.७ वॅट. आमचे चार रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, २००० मिलिअँपतासांचे, म्हणजे सगळे मिळून ९.६ वॅटतास. दिव्याशिवाय कागदावर साडेतेरा तास. दोन एलईडी २० मिलिअँपवर लावले तर सेलच्या विजेचे ५ व्होल्ट करणाऱ्या आतल्या कन्व्हर्टरची गळती धरून पाव वॅट वाढला, म्हणजे दहा तास. ६८ ओहम लावले तर नऊ. एका तासाच्या बदल्यात १३ टक्के. "बस?" तो म्हणाला. बस. आणि कन्व्हर्टरमधून दिव्याकडे निघालेल्या विजेतलाही ४० टक्के भाग एलईडीत जातच नाही, तो रेझिस्टर तापवण्यात जातो. पाचातले दोन व्होल्ट तिथंच संपतात ना.

म्हणून मी म्हणतो की रेझिस्टरला सर्वांत शेवटी हात लावायचा. आधी बघायचं की जो उजेड तयार झालाय तो जातो कुठं.

आमच्या पाटीतला निम्म्याहून जास्त उजेड भलतीकडे जात होता. पहिली गळती पाठीमागं. ठिपक्यांवरून उडालेला उजेड पुढं जातो तसा मागंही जातो. पाटीच्या मागं चांगला परावर्तक हवा. लोक स्वयंपाकघरातला चंदेरी कागद लावतात. तो चुरगळलेला असतो, डाग दिसतात आणि एखाद्या उघड्या सांध्याला टेकला तर शॉर्ट. त्यापेक्षा मेलेल्या मोबाइलच्या स्क्रीनमागून निघणारा दुधी पांढरा कागद जास्त उजेड परत फेकतो आणि सारखा पसरवून फेकतो. बघायला साधा, म्हणून कुणी त्याला किंमत देत नाही.

दुसरी गळती बाजूंना. पाटीतून निघालेला उजेड सगळ्या दिशांना पसरतो. गेमबॉय तर आपण एकटेच, समोरून बघतो. डाव्या-उजव्या बाजूला बसलेल्यांसाठी उजेड कशाला? मोबाइलच्या स्क्रीनमध्ये यासाठी प्रिझम फिल्म असते. प्लास्टिकचा पापुद्रा, हात फिरवला तर नखाला बारीक खरखर लागते, कारण त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सरळ रांगा कोरलेल्या असतात, पन्हाळी पत्र्यासारख्या पण टोकदार. तिरपा जाणारा उजेड त्या समोर वळवतात, आणि जो वळत नाही त्याला मागं ढकलतात, की जा, पांढऱ्या कागदावर आपटून नीट होऊन ये. एका फिल्मनं समोरून बघणाऱ्याला साधारण दीडपट उजेड मिळतो. दुसरी फिल्म पहिलीला काटकोनात ठेवली तर आणखी. नवा मिलिअँप एकही नाही.

हा सगळा माल जेल रोडवर मिळतो, दुकानाच्या काउंटरवर नव्हे, काउंटरखालच्या खोक्यात. फुटलेल्या डिस्प्लेंचं ते खोकं दुरुस्तीवाले भंगारात देतात. आम्ही एका पोऱ्याकडून मूठभर फुटके डिस्प्ले मागून आणले. त्यानं पैसेही घेतले नाहीत, फक्त विचारलं, "करना क्या है भिया इनका?" गेमबॉयला लावायचंय म्हटल्यावर तो हसला आणि आणखी दोन दिले. घरी येऊन थर सुटे केले. सगळ्यात मागं पांढरा कागद, मग प्रकाशाची पाटी, मग उजेड पसरवणारा धुरकट डिफ्यूझर, मग दोन प्रिझम फिल्म. फिल्मची खरखरीत बाजू स्क्रीनकडे. आम्ही पहिल्यांदा उलटी घातली, उजेड आणखी कमी झाला, दहा मिनिटं एकमेकांना दोष दिला. फुटकी काच सोलताना डोळ्यांवर चष्मा घाला, तो भाग मी विनोदानं सांगत नाहीये. काही वेळा फिल्मच्या रांगा आणि स्क्रीनचे ठिपके एकमेकांशी खेळून इंद्रधनुषी पट्टे दिसतात, तेव्हा फिल्म एक-दोन अंश तिरपी कापावी लागते.

दोन फिल्म आणि पांढरा कागद घालून झाल्यावर १०० ओहमवरच स्क्रीन इतकी उजळली की भाच्यानं ६८ ची गोष्ट काढली नाही. उलट रात्री डोळ्याला टोचतो म्हणाला. मग आम्ही १०० ओहमच्या पुढं ओळीत ५०० ओहमचं छोटं प्रीसेट, म्हणजे कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, बसवलं. रात्री ते पेचकसानं फिरवून उजेड कमी करायचा.

ज्यांच्याकडे नवं यंत्र आहे त्यांना एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण तिथं असा साधा रेझिस्टर नसतो. पुढच्या काळातल्या बऱ्याच यंत्रांत एलईडी एकापाठोपाठ एक, माळेसारखे जोडलेले असतात, म्हणजे सगळ्यांतून एकच प्रवाह जातो आणि सगळे सारखे उजळतात. माळेला जास्त व्होल्टेज लागतं, ते एक छोटी ड्रायव्हर चिप बॅटरीपासून चढवून देते. माळेच्या शेवटी एक बारीक रेझिस्टर असतो आणि चिप त्याच्यावरचं व्होल्टेज सारखं बघत असते. काही चिपांत ते ०.२ व्होल्टवर धरलेलं असतं. रेझिस्टर १० ओहमचा, तर प्रवाह २० मिलिअँप. त्याच्या पाठीवर ४७ ओहमचा आणखी एक चिकटवला की दोघांचे मिळून सव्वाआठ होतात आणि चिप बिचारी आपलं ०.२ गाठायला २४ मिलिअँप ढकलते. मूळ भाग काढावा लागत नाही, आवडलं नाही तर वरचा उचलून टाकायचा, म्हणून हा प्रकार बरा. पण चिपचा नंबर वाचून तिचं माहितीपत्रक बघितल्याशिवाय नको. प्रत्येकीचं व्होल्टेज वेगळं असतं, आणि माळेतला एक दिवा जळाला तर आख्खी माळ विझते, आपल्या गणपतीच्या जुन्या माळांसारखी.

आणि एका यंत्रात तर प्रवाह वाढवून काहीच हाती लागत नाही. २००३ चा गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपी, मिटणारा, चौकोनी. पहिल्या प्रकारच्या एसपीत दिवा स्क्रीनच्या मागं नाही, पुढं आहे. स्क्रीनवर एक पारदर्शक पाटी, तिच्या कडेनं येणारा उजेड आत स्क्रीनवर पडतो, आपटून आपल्याकडे येतो. पण त्या पाटीतून थोडा उजेड स्क्रीनपर्यंत न जाता थेट आपल्या डोळ्यांत येतो. चित्रावर जणू पातळ दुधाचा थर. दिवा दुप्पट केला तर चित्र दुप्पट, दूधही दुप्पट. फरक तेवढाच. २००५ साली निन्टेन्डोनं स्वतःच दिवा मागं नेला तेव्हा प्रश्न सुटला.

राहिली गच्ची.

उन्हात आपण लढतो ते स्वतःच्या दिव्याशी नाही, समोरच्या भिंतीशी. मेमधल्या दुपारचं थेट ऊन साधारण एक लाख लक्स. लक्स हे पडणाऱ्या उजेडाचं माप. शेजाऱ्यांची नुकती चुना दिलेली भिंत त्यात २५,००० निटपर्यंत तळपू शकते. निट हे पृष्ठभागाच्या उजळपणाचं माप. फोनची स्क्रीन घरात काहीशे निटांवर असते. आता गेमबॉयकडं येऊ. काचेचा किंवा प्लास्टिकचा प्रत्येक पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे ४ टक्के परत फेकतो. २५,००० चे ४ टक्के म्हणजे १,०००. शिवाय वरच्या प्लास्टिकच्या दोन बाजू, खाली स्क्रीनची काच, असे तीन पृष्ठभाग. तीन हजार निटांची भिंत चित्रावर अंथरलेली असताना आपण १३ टक्क्यांची वाढ घेऊन उभे.

आणि गंमत ही की दिवा बसवण्याआधीचा गेमबॉय याच गच्चीवर उत्तम दिसायचा. ऊन जितकं जास्त, तितका त्याचा चंदेरी थर जास्त उजेड परत पाठवायचा, चित्रासकट. तो थर आम्हीच ब्लेडनं सोलून कचऱ्यात टाकला होता. रात्र मिळवली, दुपार दिली.

भाच्याला हे ऐकून राग आला. मग मी त्याला काळा शर्ट घालून, भिंतीकडे पाठ करून, जिन्याच्या सावलीत बसवलं. काचेत आता भिंतीऐवजी त्याचा काळा शर्ट. चित्र दिसायला लागलं, पूर्ण नाही, पण खेळता येईल इतकं. वरच्या प्लास्टिकला घासलेली मॅट फिल्म लावली की आणखी बरं दिसतं, थोडा धूसरपणा सोसून.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वळवाची आंधी आली, झाडं पडली आणि बऱ्याच वर्षांनी राजेंद्रनगरात तीन तास लाइट गेली. इन्व्हर्टरनंही मान टाकली. भाचा झोपाळ्यावर गेमबॉय घेऊन बसला होता, तोंडावर हिरवट उजेड. आई आतून विजेरी घेऊन आली. ती आता ऐंशीच्या पुढं आहे, तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या खांद्यामागं जाऊन उभी राहिली आणि विजेरी पेटवून तिरपी धरली.

"आजी, बंद कर ना! काही दिसत नाहीये!"